द्रुक युल : उंच खोऱ्यांचा देश आणि पायथ्याची माणसे



परदेशस्थ बौद्ध कुटुंबांत अलीकडे भूतानचे नाव वारंवार ऐकू येते. कोणी सुट्टीत भारतात गेले की आठवडाभर तिकडे जाऊन येतात. कोणाच्या दिवाणखान्यात कड्याला बिलगलेल्या ताक्त्सांग विहाराचे छायाचित्र लागलेले असते. जगातला सर्वांत सुखी देश बौद्ध आहे हे खरे का, असे धम्मवर्गातली मुले विचारतात. हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. बौद्ध म्हणवणाऱ्या राष्ट्राकडे भाविकाच्या डोळ्यांनी पाहणे सोपे आहे. 'हा आपला बुद्ध नव्हे' असे म्हणून पाठ फिरवणे त्याहून सोपे. या महिन्याच्या सदरात आपण या दोन्ही सोयी बाजूला ठेवू. भूतानचा भूगोल आणि त्याने घडवलेली संस्कृती आधी समजून घेऊ, आणि मग त्या देशाला धम्माचाच प्रश्न विचारू.

भूतानी लोक आपल्या देशाला 'द्रुक युल' म्हणतात. द्रुक म्हणजे मेघगर्जनेचा ड्रॅगन आणि युल म्हणजे भूमी. क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम आठवा हिस्सा. २०१७ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे सव्वासात लाख. उत्तरेला तिबेट आहे. उरलेल्या तिन्ही बाजूंना भारताची सिक्कीम, पश्चिम बंगाल, आसाम आणि अरुणाचल प्रदेश ही राज्ये आहेत. दक्षिण सीमेवर समुद्रसपाटीपासून अवघ्या शंभरेक मीटरवर असलेली ही भूमी उत्तर सीमेपर्यंत साडेसात हजार मीटरच्या वर चढते, आणि तेही दीड-पावणेदोनशे किलोमीटरच्या अंतरात. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याचा घाट चढून आपण सुमारे सहाशे मीटर वर येतो. त्याहून थोड्याच अधिक अंतरात भूतानची जमीन त्याच्या बारा पट उंची गाठते. या देशाविषयीच्या पुष्कळशा गोष्टींचे मूळ या चढात आहे.

हा चढ तीन पट्ट्यांत विभागलेला आहे. सर्वांत खाली दुआर, म्हणजे दारे. आसाम-बंगालच्या मैदानातून पर्वतात शिरण्याच्या या वाटा दमट, उष्ण आणि घनदाट जंगलाच्या आहेत. एकेकाळी त्या हिवतापासाठी कुख्यात होत्या. अशी अठरा दुआरे भूतानच्या ताब्यात होती. १८६४-६५ च्या युद्धानंतर सिंचुलाच्या तहाने ती ब्रिटिशांकडे गेली आणि भूतानच्या हाती पायथ्याची अरुंद पट्टीच राहिली. मधला पट्टा खोऱ्यांचा : पारो, थिम्फू, पुनाखा, बुमथांग. भाताची खाचरे, सफरचंदाच्या बागा, पाइन आणि ओकची जंगले येथे आहेत. देशाचे राजकारण आणि धर्मजीवनही येथेच घडले. सर्वांत वर लाया आणि लुनाना यांसारखे प्रदेश, जेथे याक पाळणारी मोजकी कुटुंबे राहतात आणि हिवाळ्यात वाटा बंद होतात. ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचलेला 'लुनाना' हा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातली शाळा याच पट्ट्यातली आहे.

उत्तर सीमेवरील गांगखार पुएनसुम हे ७,५७० मीटर उंचीचे शिखर जगातील सर्वांत उंच अस्पर्शित शिखर मानले जाते. स्थानिक लोक शिखरांना देवतांचे निवासस्थान मानतात. १९९४ पासून सहा हजार मीटरवरील शिखरांवर आणि २००३ पासून एकूणच गिर्यारोहणावर तेथे बंदी आहे. देवतेची कल्पना आपण स्वीकारत नाही. परंतु एखादे शिखर जिंकायचे नाही असे एका राष्ट्राने ठरवावे, यातील संयम आम्हाला मोलाचा वाटतो.

नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात आणि त्यांच्यामधल्या डोंगररांगा देशाचे उभे तुकडे पाडतात. वांग छू, पुना त्सांग छू, मांगदे छू, द्रांगमे छू ही त्यांची तिकडली नावे. मैदानात उतरल्यावर त्याच नद्या रायडाक, संकोश, मानस होतात आणि अखेर ब्रह्मपुत्रेला मिळतात. खाली-वर जाणे कठीण आणि एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे तर दोचुला, पेले ला, थ्रुमशिंग ला अशा तीन ते पावणेचार हजार मीटर उंचीच्या खिंडी ओलांडाव्या लागतात. त्यामुळे दर खोऱ्यागणिक भाषा बदलते. पश्चिमेत जोंगखा, पूर्वेत त्सांगला, मध्यभागी बुमथांगखा आणि खेंगखा, दक्षिणेत नेपाळी. सात-सव्वासात लाखांच्या या देशात वीसच्या आसपास भाषा बोलल्या जातात. जोंगखा ही राष्ट्रभाषा आहे, पण शाळांचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी.

हा एकाकीपणा किती खरा होता, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा भारतातून थेट जाणारा मोटाररस्ताच नव्हता. ते नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून पारोला पोहोचले. १९६० च्या दशकात भारतीय सीमा रस्ते संघटनेने फुन्त्शोलिंग ते थिम्फू हा रस्ता बांधला. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट आले १९९९ मध्ये.

अशा तुकड्यातुकड्यांच्या भूमीला एकत्र बांधले ते धर्माने आणि त्याच्या किल्ल्यांनी. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव येथे आले अशी परंपरा आहे. ते वाघिणीवर बसून पारोच्या कड्यावर उतरले, अशी ताक्त्सांगची आख्यायिका. आजचे विहार १६९२ मध्ये उभे राहिले, १९९८ मध्ये आगीत भस्मसात झाले आणि पुन्हा बांधले गेले. राजकीय एकीकरणाचे श्रेय मात्र शबद्रुंग न्गावांग नामग्याल यांचे. १६१६ मध्ये तिबेटमधून आलेल्या या द्रुकपा पंथाच्या लामाने खोऱ्याखोऱ्यांत 'जोंग' उभारले. जोंग म्हणजे एकाच तटबंदीच्या आत विहार आणि कचेरी : एका अंगणात भिक्खूंचे पठण, शेजारच्या अंगणात जिल्ह्याचा कारभार. पो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा १६३७ चा पुनाखा जोंग आजही असाच वापरात आहे. मध्यवर्ती भिक्खुसंघ हिवाळ्यात सखल, उबदार पुनाख्यात राहतो आणि उन्हाळ्यात थंड थिम्फूत जातो. धर्मसंस्थाही तेथे हवामानाप्रमाणे खाली-वर करते. राजेशाही या मानाने अलीकडची आहे. १९०७ मध्ये उग्येन वांगचुक पहिले वंशपरंपरागत राजे झाले.

दैनंदिन जीवनातही उंचीची छाप दिसते. खालच्या खोऱ्यांत तांबडा तांदूळ, बुमथांगच्या थंडीत कुट्टू. मिरची तेथे मसाला नाही, भाजी आहे. मिरच्या आणि चीज शिजवून केलेली एमा दात्शी हे रोजचे जेवण. चहात लोणी आणि मीठ. पुरुषांचा घो आणि स्त्रियांचा किरा हे पोशाख कार्यालयांत आणि शाळांत बंधनकारक आहेत. तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ आहे. पश्चिम आणि मध्य भूतानात घर-जमीन बहुधा मुलीकडे जाते आणि जावई सासुरवाडीला राहायला येतो. हिंदू कायद्यात मुलीला वारसा मिळावा म्हणून बाबासाहेबांना किती झगडावे लागले, हे जाणणाऱ्या आपल्याला ही गोष्ट सहज नजरेआड करता येणार नाही.

धर्माचे रूप मात्र आपल्याला परके वाटेल. भूतानचा बौद्ध धर्म वज्रयानी आहे. मंत्रांचे ध्वज, फिरती प्रार्थनाचक्रे, पुनर्जन्म घेऊन आलेले लामा, रक्षक देवता, मुखवट्यांचे त्शेचू उत्सव, पुनाख्याच्या बाजूला घरांच्या भिंतींवर अनिष्टनिवारणासाठी काढलेली लिंगचित्रे. १९५६ मध्ये बावीस प्रतिज्ञांसह धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांतून आलेल्या आम्हाला यातले पुष्कळ काही पटणारे नाही, आणि ते पटल्याचे सोंग आम्ही करणार नाही. पण चोर्टेनला उजवी घालणारी वृद्धा जेव्हा बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाते, तेव्हा तिचे शरणगमन आपल्या शरणगमनापेक्षा वेगळे नसते. आणि परंपरा गोठलेली असतेच असे नाही : जून २०२२ मध्ये भूतानच्या धर्मप्रमुखांनी, जे खेन्पोंनी, शंभराहून अधिक स्त्रियांना भिक्खुणीची पूर्ण उपसंपदा दिली. तिबेटी परंपरेत ही पूर्ण उपसंपदा स्त्रियांना मिळत नव्हती.

राज्य म्हणूनही भूतानने नोंद घ्यावी असे बरेच केले आहे. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी १९५० च्या दशकात भूदासांची प्रथा संपवली. २००८ मध्ये लिखित संविधान आले आणि संसदीय निवडणुका झाल्या. त्या संविधानाने राजालाही ६५ व्या वर्षी निवृत्त केले, भिक्खूंना आणि धर्मसंस्थांना राजकारणापासून दूर ठेवले आणि भूमीचा किमान ६० टक्के भाग कायम वनाच्छादित राहील असे बंधन घातले. प्रत्यक्षात आज तो सुमारे ७० टक्के आहे. नद्यांच्या उतारावर चुखा, ताला, मांगदेछू असे जलविद्युत प्रकल्प उभे आहेत आणि त्यांतली बरीच वीज भारताला विकली जाते. भीतीही तेथूनच येते : ऑक्टोबर १९९४ मध्ये लुग्ये त्सो हे हिमसरोवर फुटले आणि पुराचा लोंढा पुनाख्याच्या जोंगपर्यंत येऊन आदळला, एकवीस माणसे गेली. आणि चौथ्या राजांनी मांडलेली 'सकल राष्ट्रीय सुख' ही कल्पना तर जगभर गेली.

येथवरची गोष्ट पर्यटन पुस्तिकांतही सापडते. आता पुन्हा पायथ्याकडे येऊ.

दुआरांच्या वरच्या त्या अरुंद दक्षिण पट्टीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेपाळी भाषक शेतकरी येऊन वसले. हिवतापाचे जंगल साफ करून त्यांनी भात, संत्री आणि मोठी वेलची पिकवली. उत्तरेकडचे लोक त्यांना 'ल्होत्शाम्पा', म्हणजे दाक्षिणात्य, म्हणत. त्यांत बाहुन-छेत्री होते, राई होते, गुरुंग आणि तामांग होते, आणि नेपाळी समाजाने अस्पृश्य ठरवलेले विश्वकर्मा, परियार, सार्कीही होते. तामांग-गुरुंगांपैकी अनेक जण तर स्वतः बौद्ध. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले.

१९८५ मध्ये नवा नागरिकत्व कायदा आला. त्याने ३१ डिसेंबर १९५८ ही मर्यादा घालून दिली. १९८८ च्या दक्षिणेतील जनगणनेत लोकांची सात वर्गांत विभागणी झाली : 'अस्सल भूतानी' या पहिल्या वर्गापासून 'परकीय' या सातव्या वर्गापर्यंत. पुरावा म्हणून मागितली गेली ती १९५८ सालच्या शेतसाऱ्याची पावती. तीस वर्षांपूर्वीचा तो कागद ज्याने जपला तो नागरिक, ज्याच्या घराला वाळवी लागली तो परका. एकाच घरातला नवरा एका वर्गात आणि बायको दुसऱ्या वर्गात गेली. पाठोपाठ 'एक राष्ट्र, एक जन' हे धोरण आले. १९८९ मध्ये द्रिग्लाम नामझा ही उत्तरेची पोशाख-शिष्टाचाराची संहिता सर्वांवर लागू झाली आणि शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली. १९९० मध्ये दक्षिणेत निदर्शने झाली, त्यांत काही ठिकाणी हिंसाही झाली. मग अटका, छळ आणि हकालपट्टी. आपण स्वखुशीने देश सोडत आहोत अशा कागदांवर सह्या घेतल्या गेल्या, असे निर्वासितांनी सांगितले आहे. तेकनाथ रिजाल यांनी राजाकडे निवेदन दिले, आणि पुढे त्यांना दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली.

भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना लागत नाही. मध्ये भारत आहे. ही माणसे भारताच्या भूमीतून मेची नदीपार नेपाळमध्ये गेली आणि झापा व मोरंग जिल्ह्यांतील सात छावण्यांत राहिली. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी. दोन्ही सरकारांत वाटाघाटींच्या अनेक फेऱ्या झाल्या, पण भूतानने एकाही निर्वासिताला परत घेतले नाही.

भूतान सरकारची बाजू ऐकणे न्यायाचे आहे. १९७५ मध्ये शेजारचे सिक्कीमचे राज्य भारतात विलीन झाले. तेथे नेपाळी भाषक बहुसंख्य झाले होते. तिबेटचे काय झाले हे तर समोरच होते. दोन प्रचंड राष्ट्रांच्या मधल्या छोट्या देशाला आपली ओळख पुसली जाईल अशी भीती वाटणे अस्वाभाविक नव्हते. आजही लक्षावधी नव्हे तरी पुष्कळ ल्होत्शाम्पा भूतानात नागरिक आहेत, संसदेत त्यांचे प्रतिनिधी आहेत, दसैंची सुट्टी आहे. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच. भीती खरी असली, तरी तिची किंमत संत्र्याच्या बागेत राबणाऱ्याने घरदार देऊन का चुकवावी?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धम्म सामाजिक आहे असे सांगितले. एकट्या माणसाला त्याची गरज नसते, दोन माणसांचा संबंध आला की ती सुरू होते, असा त्यांचा विचार. या कसोटीला शिखरे, जोंग आणि ध्वज पुरत नाहीत. खोऱ्यातल्या माणसाचा पायथ्याच्या माणसाशी व्यवहार कसा आहे, हे पाहावे लागते. आणि 'अस्सल' या शब्दाने सुरू होणारी सात पायऱ्यांची उतरंड आपल्याला नवी नाही.

आम्ही संगणकाच्या व्यवसायात आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट खटकते. सकल राष्ट्रीय सुखाचा निर्देशांक नऊ क्षेत्रे आणि तेहतीस निकषांवर काळजीपूर्वक काढला जातो, आणि ही पद्धत निश्चितच विचारपूर्वक रचलेली आहे. पण कोणत्याही गणनेत आधी ठरते ते कोणाला मोजायचे. ज्यांना नोंदवहीतून आधीच वगळले, त्यांचे दुःख कोणत्याही सूत्रात येत नाही, आणि उत्तर बिनचूक दिसते.

ही दूरची कहाणी नाही. २००८ पासून एक लाखाहून अधिक भूतानी निर्वासितांचे आठ देशांत पुनर्वसन झाले आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत आले. ओहायोतील कोलंबस, पेन्सिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. गोदामांत, मांसाच्या कारखान्यांत, वृद्धांच्या सेवेत ही माणसे काम करतात. त्यांची मुले आपल्या मुलांच्या वर्गात बसतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण इतके चिंताजनक होते की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला त्याचा अभ्यास करावा लागला. २०२५ मध्ये यांतल्या काहींना जुन्या गुन्ह्यांच्या कारणावरून अमेरिकेने भूतानला परत पाठवले. भूतानने त्यांना लगेच भारताच्या सीमेवर आणून सोडले, आणि काही जण पुन्हा नेपाळमध्ये, छावणीच्या दारात, येऊन उभे राहिले. तीन देशांपैकी एकालाही ते आपले वाटले नाहीत.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या कपाटात एक जाड फाईल असते : जुने पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रे, पगाराच्या पावत्या. एखादा कागद सापडला नाही तर पोटात गोळा येतो. १९५८ च्या पावतीचा अर्थ म्हणूनच आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की आपण परक्या देशात कागद दाखवतो आणि मागे एक देश असतो. त्यांच्याकडे कागद मागितला तो त्यांच्याच देशाने.

मग धम्मवर्गातल्या मुलांना काय सांगावे? भूतान सुंदर आहे, जंगल राखणारा आहे आणि आपल्या चुकीच्या ओझ्यासह बौद्ध आहे, असे सांगावे. त्या देशाला जरूर जावे. ताक्त्सांगचा कडा चढावा, पुनाख्याच्या संगमावर उभे राहावे आणि भिक्खुणींची आवर्जून चौकशी करावी. आणि जाण्यापूर्वी किंवा आल्यानंतर, आपल्या शहरातल्या भूतानी-नेपाळी कुटुंबांशी ओळख करून घ्यावी. नागरिकत्व परीक्षेची तयारी, मुलांचा गणिताचा अभ्यास, वृद्धांसोबत दवाखान्यात जाणे, यांसाठी त्यांच्या संस्थांना मनुष्यबळ हवे असते. आपल्या मंडळात संगणक जाणणारे आणि शनिवारी दोन तास मोकळे असणारे पुष्कळ आहेत. येत्या वैशाख पौर्णिमेच्या खीरदानाला त्या कुटुंबांना निमंत्रण द्यावे, अशी सूचना आम्ही या सदरातून मंडळापुढे ठेवत आहोत. त्यांच्यातले कोण बौद्ध आणि कोण हिंदू, हे निमंत्रणपत्रिकेवर विचारण्याचे कारण नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!